मूठभर जुना भुसा

समजा, तुमच्यासमोर एक काळा उंदीर आहे आणि त्याचं वजन करायचं आहे. शेजारी काटा आहे, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. उंदीर नुसता ठेवलात तर तो काट्यावरून उडी मारणार. डब्यात घालून ठेवलात तर डब्यात नाचणार, आणि आकडाही त्याच्याबरोबर चोवीस, एकतीस, सत्तावीस असा नाचत राहणार. शेपटीला धरून उचललात तर घाबरून तुमच्या हातावर मुतणार, म्हणजे तेवढं वजन हिशेबातून गेलं. असे एकशे वीस उंदीर आहेत आणि अकरा वाजायच्या आत सगळे आकडे वहीत हवेत. काय कराल?

पहिल्या दिवशी मी दोन तासांत सतरा उंदीर केले आणि रडायच्या बेताला आले. दारात एक सडपातळ माणूस हसू दाबत उभा होता. शेवटी त्याला राहवलं नाही. त्याने खिशातून पुठ्ठ्याची एक नळी काढली, कागदाचं भेंडोळं संपलं की मधे उरते तशी, आणि पिंजऱ्यात ठेवली. उंदराने ती हुंगली आणि आपण होऊन आत शिरला. नळी अलगद उचलून काट्यावर ठेवली तरी आतला प्राणी मिशा हलवत गप्प बसून राहिला. आकडा थांबला.

"अठ्ठावीस पॉइंट चौसष्ट. नळीचं वजन आधीच वजा केलंय," तो म्हणाला. "त्याला कशाला उचलायचं? त्याचं त्याला जाऊ द्यायचं. लिही, बघत काय बसलीस?"

हे मामा. आमच्या संस्थेत मदतीला असलेल्या सगळ्याच पुरुषांना मामा म्हणतात. पण यांच्या हाताखाली चारशे उंदीर असल्यामुळे ते नातं यांनाच खरं शोभतं, असं आमच्या बाटल्या धुणाऱ्या ताई सांगायच्या. तळघरातल्या उंदीरघराची जबाबदारी बावीस वर्षं मामांकडे होती. म्हाताऱ्या नरांशी ते आदराने बोलत: "अहो, सरका जरा, पाणी बदलायचंय." व्यायलेल्या मादीच्या पिंजऱ्यापाशी आवाज खाली आणत आणि इतरांनाही आणायला लावत. मला ते 'अर्धी डॉक्टर' म्हणायचे. प्रबंध पूर्ण झाला की उरलेली अर्धी करू, असं त्यांनी कबूल केलं होतं.

माझा विषय ऐकून ते पहिल्यांदा गंभीर झाले. मी सांगितलं, की काही नरांना दहा आठवडे तुपकट खाद्य द्यायचं, काहींना साधं. मग दोघांनाही साध्या खाद्यावर वाढलेल्या माद्या द्यायच्या. पिल्लांना सगळ्यांना साधंच खायला घालायचं. आणि बघायचं, की बापाने जे खाल्लं त्याचा परिणाम लेकींच्या रक्तातल्या साखरेवर होतो का.

"बापाच्या खाण्याचा?" मामांनी हातातला पिंजरा खाली ठेवला. "आईच्या म्हणालीस तर समजू शकतो. ती नऊ महिने पोटात वागवते. बाप काय करतो? एक दिवस येतो आणि जातो."

"तो येताना काहीतरी घेऊन येतो का, तेच तर बघायचंय."

"म्हणजे खाण्याने गुणसूत्रं बदलतात?"

"ती नाही बदलत." मी इकडेतिकडे बघितलं. समोर पिंजऱ्यांची मांडणी होती, प्रत्येकावर कार्ड. "हे बघा मामा. पिंजऱ्यावरचं छापील कार्ड कधी बदलत नाही. पण तुम्ही त्याला क्लिपने चिठ्ठ्या लावता ना? 'आज उपाशी ठेवा', 'पाणी जास्त द्या'. कार्ड तेच, पण चिठ्ठीप्रमाणे आत घडतं ते बदलतं. तशाच चिठ्ठ्या गुणसूत्रांवर असतात. खाण्यापिण्याने त्या लागतात, निघतात."

मामांनी जरा विचार केला. "पण पिंजरा बदलला की आम्ही चिठ्ठ्या काढून टाकतो. नवा पिंजरा, कोरं कार्ड."

"निसर्गही बहुतेक चिठ्ठ्या काढून टाकतो. प्रश्न एवढाच आहे, की एखादी चुकून राहते का."

ते एवढे खूश झाले की त्यांनी मला खुर्ची दिली. आणि मग, पाण्याच्या बाटल्या भरता भरता, स्वतःचं सांगितलं.

इथे यायच्या आधी मामा सात वर्षं बेकरीत होते. केक चौकोनी दिसावा म्हणून त्याच्या कडा कापतात, वर क्रीम लागलेल्या, आणि त्या कडा कामगारांच्या. सकाळी चहाबरोबर कडा, दुपारी डब्याआधी कडा, घरी जाताना खिशात कागदात गुंडाळून कडा. मामांचं वजन एक्याण्णव किलो झालं होतं. मोठी मुलगी त्या काळातली. मग ही नोकरी लागली, गोड खाणं सुटलं, दीड वर्षात वजन अडुसष्टवर आलं, आणि त्यानंतर धाकटी झाली. मोठीला बाविसाव्या वर्षी साखरेचा आजार निघाला. धाकटी ठणठणीत.

"दोन पिल्लांवरून काही ठरत नाही, एवढं मला कळतं," मामा म्हणाले. "बावीस वर्षं इथे झाडू मारलाय मी. पण तू हे काढून दाखव. मला बघायचंय, मी सुटतो की अडकतो."

त्या दिवसापासून माझा प्रयोग हा त्यांचाही खटला झाला. तुपकट खाद्याच्या गोळ्या मऊ असतात, हातात धरल्या तरी चुरतात, आणि साध्या खाद्यात मिसळू नयेत म्हणून बनवणारे त्यांना गुलाबी रंग घालतात. त्यामुळे आमच्या बोलण्यात बापांचे दोनच प्रकार राहिले: साधे आणि गुलाबी. तीन वर्षं आम्ही वजनं घेतली, जोड्या लावल्या, पिल्लं मोजली. साखर मोजायला माणसांचंच छोटं यंत्र वापरतात, बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचं ते. मामांना ते घरचं होतं. शेपटीच्या टोकाला असं हलकं टोचायचे की उंदीर चुळबुळसुद्धा करत नसे. "मोठीच्या बोटांवर शिकलोय," म्हणायचे.

आणि तिसऱ्या वर्षी आलेख आला. साखर पाजल्यावर दोन तासांनी साध्या बापांच्या लेकींचा आकडा खाली येऊन बसला होता. गुलाबी बापांच्या लेकींचा मात्र वरच तरंगत होता. एकामागून एक चौदा कुटुंबांत हेच! मी तो कागद घेऊन जिना न थांबता चढले, आमच्या मॅडमच्या खोलीत घुसले, आणि मला धाप लागलेली बघून त्यांनी आधी पाणी दिलं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी आलेख उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "लिहायला घे." पुढच्या शुक्रवारी लेख पाठवायचा ठरलं.

मंगळवारी सकाळी मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते वर कधी येत नसत. हातात काचेची छोटी झाकणी होती आणि झाकणीत एक गुलाबी कण.

"हे काय?"

"शून्य पॉइंट अकरा ग्रॅम," मामा म्हणाले. "काल नर सोडलेल्या नऊ नंबरच्या मादीच्या हातातून काढून घेतला. कोपऱ्यात बसून दोन्ही पंजांत धरून खात होती. बिस्कीट खावं तशी."

मला अर्थ लागायला दोन क्षण लागले. मादीच्या पिंजऱ्यात गुलाबी कण असूच शकत नव्हता. माद्यांनी साध्याशिवाय काही खायचं नाही, यावरच तर सगळा प्रयोग उभा होता.

"कुठून आला?"

"मी टाकला." मामांचा चेहरा उतरला होता. पण डोळे चमकत होते, हे मला तेव्हाही दिसलं. "नराला मादीच्या पिंजऱ्यात सोडतो ना, तेव्हा त्याच्या जुन्या पिंजऱ्यातला मूठभर भुसा कोपऱ्यात टाकतो मी. स्वतःचा वास असला की गडी बावरत नाही, भांडत नाही. पंचवीस वर्षं टाकतोय. आणि गुलाबी गोळी चुरते. भुशात तिचा चुरा असतोच."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत!"

"तू कधी विचारलंस? आणि मला तरी कुठे वाटलं हे सांगण्यासारखं आहे? चप्पल काढून घरात येतो, हे कुणी लिहून देतं का?"

मी डोकं धरून बसले. साध्या नराबरोबर साध्या भुशाची मूठ, गुलाबी नराबरोबर गुलाबी भुशाची. म्हणजे चौदाच्या चौदा कुटुंबांत बापाबरोबर त्याचं जेवणही आईच्या घरी पोचलं होतं. लेकींची साखर बापामुळे वाढली की आईने ती मूठ खाल्ली म्हणून, हे आता कोण सांगणार?

"एक कण, मामा. मादी दिवसाला साडेतीन ग्रॅम खाते. एका कणाने काय होतंय?" मी स्वतःलाच समजावत होते.

"कण एक नाही. दोन रात्री नर तिथे असतो, मूठ तिथेच राहते. आणि नुसता चुराच का? भुशात त्याच्या लेंड्या असतात. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, तुला माहितीय. त्याच्या पोटातले जंतू हिच्या पोटात गेले." त्यांनी झाकणी माझ्यासमोर ठेवली. "मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं, अर्धी डॉक्टर. सकाळपासून तोच विचार करतोय. पण मग मी सुटलो की अडकलो, हे मलाही कधी कळणार नाही."

आम्ही दोघं मॅडमकडे गेलो. मला वाटलं होतं आता आभाळ कोसळणार. मॅडमनी सगळं ऐकलं, झाकणी उजेडात धरली आणि हसायलाच लागल्या.

"तीन वर्षं मी या लोकांना विचारतेय, बाप आणि पोर यांच्यामधे आणखी कोण आहे? शोधा, शोधा म्हणतेय. आणि मधे कोण, तर मामांची मूठ!"

"हसता काय मॅडम?" मी रडवेली झाले होते. "शुक्रवारी पाठवायचंय."

"शुक्रवार विसर. मामा, बसा. आता काय करायचं ते बोला."

"मी?"

"मूठ तुमची आहे."

मामा खुर्चीच्या कडेवर बसले. दोन्ही हात पुढे करून त्यांनी एक मूठ मिटली, मग दुसरी, आणि अचानक हात एकमेकांवरून फिरवले. "उलटसुलट करू," ते म्हणाले. "साध्या नराला गुलाबी मूठ देऊ. गुलाबी नराला साधी मूठ देऊ. ज्याचा दोष असेल तो आपोआप उघडा पडेल."

मग मॅडम उठून फळ्याकडे गेल्या आणि चार चौकोन काढले. साधा बाप साधी मूठ, साधा बाप गुलाबी मूठ, गुलाबी बाप साधी मूठ, गुलाबी बाप गुलाबी मूठ. इतकं सोपं! तीन वर्षांत मला न सुचलेला प्रयोग एका मिनिटात फळ्यावर होता. माझं रडू कुठल्या कुठे गेलं. मामा तर आता थांबेनात. "गुलाबी नराच्या केसांत चुरा अडकलेला असतो, पायांना असतो. त्याला आधी एक दिवस कोऱ्या पिंजऱ्यात ठेवू, साध्या खाद्यावर. पोटही जरा साफ होईल. आणि मॅडम, कुणाला कुठली मूठ ते मला कळता कामा नये."

"का?"

"माझी लेक आहे ना यात. कळलं तर हात जड पडेल."

म्हणून मुठी बाटलीवाल्या ताईंकडे सोपवल्या. त्या धुलाईखोलीच्या अनभिषिक्त राणी होत्या, आणि गुपित ठेवण्यात त्यांना अतोनात मजा आली. पिंजऱ्यांना त्यांनीच नंबर दिले, कुठे कुठला नर सोडला आणि कुठली मूठ टाकली ते वहीत लिहिलं, आणि वही स्वतःच्या कपाटात डब्याच्या मागे ठेवली. गुलाबी चुरा दिसू नये म्हणून जोडी लावलेल्या पिंजऱ्यांवर कापड घालायचं आणि साफसफाईही त्यांनीच करायची असं ठरलं. मामा त्या दिवसांत काम सुटलेल्या माणसासारखे बोळात फेऱ्या मारायचे.

"काय हो मामा, सांगू का?" ताई मुद्दाम ओरडायच्या. "सात नंबरात काय टाकलं सांगू?"

"नको, नको!" मामा कानांवर हात ठेवून पळायचे.

एकवीस दिवसांनी पिल्लं झाली. आणखी एकवीस दिवसांनी आईपासून तोडली. मग नुसती वाट बघायची, ती वयात येईपर्यंत. या काळात मामांची मोठी लेक एकदोनदा त्यांना न्यायला फाटकाशी आली. चष्म्याच्या दुकानात काम करायची, वर्षापूर्वी लग्न झालेलं, बोलण्यात बापाच्या वरचढ.

"लागला का निकाल?" तिने मला विचारलं. "केक यांनी खाल्ले आणि सुया मी टोचून घेतेय, हे एकदा कागदावर लिहून द्या. फ्रेम करून लावते घरात."

"आजीलाही होती साखर," मामा पुटपुटले. "तिने कुठे केक खाल्ले होते?"

"बघा! वकील आधीच तयार ठेवलाय."

चाचणीचे चार दिवस आम्ही चौघंही तळघरात होतो. मी साखर द्यायची, मामा शेपटीला टोचायचे, मॅडम घड्याळ बघायच्या, ताई पिंजरे पुढे करायच्या. यंत्र टिकटिक करून पाच सेकंदांनी आकडा दाखवायचं. आकडे वर जात, खाली येत. काही आलेच नाहीत खाली. पण कुणाची पिल्लं ती, हे माहीत नव्हतं! मी त्या आठवड्यात जेवले की नाही, आठवत नाही.

वही उघडली ती धुलाईखोलीत, वाफेत. मामा पालथ्या घातलेल्या टोपलीवर बसले. ताईंनी चष्मा पुसला, बोट ओलं केलं, पान उलटलं आणि नंबर वाचायला लागल्या. मी एका छोट्या फळ्यावर चार रकाने आखले होते. एकेक आकडा आपल्या रकान्यात जाऊन बसू लागला.

साधा बाप, साधी मूठ: आकडे खाली. तसेच असायला हवे होते.

साधा बाप, गुलाबी मूठ. खाली. खाली. एक जरासा वर. परत खाली.

"मूठ नाही!" मॅडम जवळजवळ ओरडल्या. "मुठीने काही होत नाहीये!"

गुलाबी बाप, साधी मूठ. वर. वर. एक खाली. वर. वर. या माद्यांनी गुलाबी कण तोंडात घातला नव्हता, त्यांच्या नरांना एक दिवस कोऱ्या पिंजऱ्यात ठेवून मग आणलं होतं, आणि तरी लेकींची साखर वर. चौथ्या रकान्यात ती आणखी थोडी वर होती. म्हणजे मुठीनेही थोडी भर घातली असेल. एकटीने काही न करता बापाच्या जोडीने. ते पुढे बघायचं. पण बापाचं बापाकडे राहिलं होतं. तो काहीतरी घेऊन येत होता! एक चिठ्ठी खरंच राहून जात होती!

मी ताईंना मिठी मारली, ताईंनी ओल्या हातांनी मॅडमना. आधीचा लेख याच्यापुढे फिका होता. तो निघाला असता आणि कुणीतरी दोन वर्षांनी विचारलं असतं, भुशाचं काय? तर माझ्याकडे उत्तर नसतं.

मामाही हसत होते. पण टोपलीवरून उठले नव्हते.

"मामा," मी खाली बसले. "उंदरांचं आहे हे. माणसांत असंच होतं का, अजून नक्की कुणीच सांगू शकत नाही. आणि तुमच्याकडे तर दोनच लेकी आहेत."

"दोन पिल्लांवरून काही ठरत नाही," त्यांनी मान हलवली. "मीच शिकवलंय तुला." मग त्यांनी फोन काढला आणि मोठीला लावला. फोनचा आवाज एवढा मोठा, की सगळ्या खोलीला ऐकू येत होतं.

"बाबा? सुटलात की अडकलात?"

"उंदरांत अडकलो. माणसांत तारीख पुढे पडली."

पलीकडे ती खळखळून हसली. "असू दे हो. साखर मी सांभाळतेय. मला दुसरंच विचारायचंय. तुमचे जावई दिवसभर टॅक्सीत बसून वेफर्स खातात. आम्ही आता मुलाचा विचार करतोय. यांनी ते खाणं किती दिवस बंद करायला हवं? कायमचं म्हणालात तर ऐकणार नाहीत, आधीच सांगते. नेमके दिवस सांगा."

मामा माझ्याकडे बघायला लागले. मी मॅडमकडे. मॅडमनी खांदे उडवले.

"विचारून सांगतो," मामा म्हणाले आणि फोन ठेवला. मग उठले आणि मला म्हणाले, "ये."

उंदीरघराच्या अगदी टोकाला, वरच्या फळीवर, मी कधी न पाहिलेले सहा पिंजरे होते. काम संपलेले नर ते, जुन्या प्रयोगातले, सगळे गुलाबी बाप. त्यांना ठेवून घ्यायची परवानगी मामांनी मॅडमकडून दोन महिन्यांपूर्वीच, मला पत्ता लागू न देता, घेतली होती. पिंजऱ्यात आता साध्या गोळ्या होत्या. खालचा भुसा पांढराशुभ्र, जुन्याची एक मूठही नाही. प्रत्येक कार्डाला मामांच्या अक्षरात एक चिठ्ठी: 'गुलाबी बंद', आणि तारीख. पहिल्याला एक आठवडा झाला होता, शेवटच्याला सहा.

"मी कडा सोडल्यानंतर धाकटी व्हायला दोन वर्षं गेली," मामा म्हणाले. "एवढी लागतात का? की महिनाभर पुरतो? जावयाला काय सांगू?" त्यांनी खिशातून पुठ्ठ्याची नळी काढली आणि पहिल्या पिंजऱ्याचं झाकण उघडलं. "अहो, या बाहेर. सांगा आता, चिठ्ठी निघायला किती दिवस लागतात?"